एक फंक्शन, दोन उत्तरे

आमची शाळा सातवीत सुटली. संगणकाची भाषा आम्ही पन्नाशी उलटल्यावर शिकू लागलो, आणि त्याला कारणही तसेच घडले. एका कारखान्यात पगाराच्या दिवशी एका खात्यातल्या कामगारांच्या नावावर १३,२०० ऐवजी १,८०० रुपये जमा झाले. कचेरी म्हणाली, संगणकाची चूक. ती संगणकाची नव्हतीच, हे तेथील तरुण प्रोग्रामरने आम्हांला पडद्यावर दाखविले.

फंक्शन म्हणजे सांगितलेले काम करून उत्तर आणून देणारा आज्ञांचा संच. पगार १५,००० रुपये. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे १,८०० कापले की हाती १३,२०० उरतात. एकाच हिशेबाची ही दोन उत्तरे. पण जावासारख्या भाषेत फंक्शनला एकच वस्तू परत देता येते. पायथॉनमध्ये स्वल्पविराम देऊन दोन्ही आकडे पाठविता येतात. खरे पाहता तेथेही एकच वस्तू जाते, दोन आकड्यांचे गाठोडे. त्याला टपल म्हणतात. गाठोड्यातला कोणता आकडा कशाचा, हे कोठेच लिहिलेले नसते. असतो तो केवळ क्रम. पाठविणाऱ्याने आधी कपात ठेवली आणि घेणाऱ्याने तीच निव्वळ पगार म्हणून उचलली, की संपले! दोन्ही आकडेच, यंत्राने तक्रार करावी तरी कशाची?

१७ ला ५ ने भागून भागाकार ३ आणि बाकी २ एवढेच हवे असेल, तर टपलाला आमची हरकत नाही. तो क्रम आपण शाळेतच शिकलेलो असतो. पगाराचे तसे नाही.

त्यासाठी 'वेतनपत्रक' नावाचा क्लास करावा. क्लास म्हणजे कोरा छापील नमुना. तो भरला की ऑब्जेक्ट झाला. त्यात एकूण, कपात, निव्वळ असे नावानिशी रकाने ठेवावेत आणि फंक्शनने तो भरलेला नमुना परत द्यावा. वस्तू एकच, उत्तरे हवी तितकी! मागणाऱ्याने नाव घेऊनच रक्कम मागायची. शिवाय कपात व निव्वळ मिळून एकूण होते की नाही, हे नमुना भरतानाच तपासता येते. प्रोग्रामर याचा कंटाळा करीत, कारण जावात एवढ्यासाठी पुष्कळ मजकूर लिहावा लागे; २०२१ साली 'रेकॉर्ड' कायम झाल्यापासून ते काम एका ओळीत होते.

त्या तरुणाने तसाच क्लास केला. पुढे दिवाळीला त्यात बोनसचा आकडा वाढवावा लागला. टपल असते तर ते उघडणारी प्रत्येक ओळ शोधून बदलावी लागली असती. येथे एक रकाना वाढला, तपासणीची ओळ तेवढी सुधारली, आणि निव्वळ रक्कम वाचणाऱ्या ओळी होत्या तशाच राहिल्या.