पर्यटकांना घर भाड्याने देण्यापूर्वी

गोमंतकाच्या किनारी गावांत राहत्या घरातील एखाददुसरी खोली प्रवाशांना भाड्याने देण्याची प्रथा नवी नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हणजूण, कळंगुट या भागांत परदेशी प्रवासी येऊ लागले, तेव्हा अनेकांची सोय ग्रामस्थांच्या घरांतूनच झाली. पुढे हॉटेले वाढली, तरी घरगुती निवासाची मागणी टिकून राहिली. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यावर पेडणे तालुकाही प्रवाशांना अधिक जवळचा झाला. आज भ्रमणध्वनीवरून दूरच्या शहरातील कुटुंब दोन-चार दिवसांसाठी घर राखून ठेवू शकते. त्यामुळे निवृत्तीची रक्कम हाती आलेला शिक्षक, बोटीवरील नोकरी संपवून परतलेला खलाशी किंवा वडिलोपार्जित घर रिकामे पडलेले कुटुंब या व्यवसायाकडे वळताना दिसते. हा व्यवसाय लाभदायक ठरू शकतो. परंतु आयुष्यभराची पुंजी त्यात घालण्यापूर्वी काही गोष्टींचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

उत्पन्नाचा खरा हिशेब

एका रात्रीच्या भाड्याला ३६५ ने गुणून वर्षाचे उत्पन्न काढणे, ही या व्यवसायातील पहिली व सर्वांत महाग पडणारी चूक होय. गोव्यातील पर्यटनाचा मुख्य हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मार्च असा असतो. नाताळ व नववर्षाच्या दिवसांत घर मिळत नाही, तर जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत अनेक घरे रिकामी राहतात.

उदाहरणादाखल पुढील हिशेब पाहावा. एका कुटुंबाने जुन्या घराचा एक भाग १२ लाख रुपये खर्चून दुरुस्त केला. त्यांपैकी ४ लाख स्वतःचे व ८ लाख बँकेचे कर्ज आहे. दहा वर्षांच्या मुदतीने व १० टक्के व्याजाने या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे १०,५७२ रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे १,२६,८६४ रुपये होतो. दर रात्री २,५०० रुपये भाड्याने वर्षात १२० रात्री घर भरले, तर ३ लाख रुपये जमा होतील. त्यांतून मध्यस्थ कंपनीचे १५ टक्के कमिशन ४५,००० रुपये, साफसफाई व धुलाई दर रात्री ३०० रुपयांप्रमाणे ३६,००० रुपये, वीज व पाणी ४०,००० रुपये, पावसाळ्यानंतरची दुरुस्ती व रंगकाम ३५,००० रुपये आणि घरपट्टी, विमा व परवाने यांचे १४,००० रुपये असे एकूण १,७०,००० रुपये वजा जातात. उरलेल्या १,३०,००० रुपयांतून हप्ता फेडल्यावर हाती सुमारे ३,१०० रुपये राहतात.

आता केवळ २० रात्री कमी भरल्या असे धरू. वीज, दुरुस्ती व कर यांचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. मात्र जमा २,५०,००० रुपयांवर येते आणि खर्च वजा जाता ९३,५०० रुपये उरतात. हप्ता भागविण्यासाठी कुटुंबाला सुमारे ३३,००० रुपये पदरचे घालावे लागतात. कर्ज फिटल्यानंतर उत्पन्न मोकळे होते, हे खरे. परंतु तोपर्यंतची दहा वर्षे घरात दुसरे नियमित उत्पन्न असावयास हवे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा पर्यटन एकाएकी बंद पडले. केवळ भाड्याच्या भरवशावर हप्ता भरणाऱ्यांना त्या वेळी या गोष्टीचा कटू अनुभव आला. शिवाय वरील हिशेबात घरच्या माणसांच्या श्रमांचे मोल धरलेले नाही. तेच घर वर्षाच्या कराराने दिल्यास किती भाडे येईल, याची तुलना प्रत्येकाने अवश्य करावी.

मालकीची निश्चिती

गोव्यात एकाच घरावर अनेक वारसांचा हक्क असणे ही सामान्य बाब आहे. नमुना एक व चौदावर एकाचे नाव आढळले, तरी इतर वारसांचे हक्क संपत नाहीत. वाटणी झाली नसेल तर प्रथम तिची रीतसर कार्यवाही करावी. येथील नागरी कायद्यानुसार स्थावर मालमत्ता विकताना पती व पत्नी या दोघांचीही संमती लागते. खरेदीदाराने याची खात्री करून घ्यावी. जमीन कोमुनिदादची आहे काय, घरात १९७५ च्या कायद्याचे संरक्षण असलेला मुंडकार राहतो काय, शेतजमीन असल्यास रूपांतराची सनद मिळाली आहे काय, हेही तपासावे. समुद्र व खाडीलगतच्या घरांना १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू आहेत. अशा ठिकाणी परवानगीविना वाढविलेली खोली पुढे पाडावी लागण्याचा संभव असतो, आणि मग कर्ज तेवढे शिल्लक राहते.

नोंदणी व कर

मोबदला घेऊन प्रवाशांची राहण्याची सोय करणाऱ्यास गोवा, दमण व दीव पर्यटन व्यवसाय नोंदणी अधिनियम, १९८२ अन्वये पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत विदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांहून अधिक झाल्यास वस्तू व सेवा कराखाली नोंदणी आवश्यक ठरते. भाड्याचे उत्पन्न आयकर विवरणपत्रात दाखवावेच लागते. सदनिका विकत घेऊन ती पर्यटकांना देण्याचा विचार असल्यास सोसायटीचे नियम आधी वाचावेत. विमापत्रही भाड्याच्या वापराला लागू आहे काय, हे पाहावे.

विहीर आणि शेजार

घर एकाचे असले तरी पाणी साऱ्या वाड्याचे असते. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून बेसुमार उपसा झाल्यास त्यांत खारे पाणी शिरते आणि ते लवकर निघत नाही. चार माणसांसाठी बांधलेल्या शोषखड्ड्यावर दहा माणसांचा भार पडला, तर सांडपाणी शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. यासाठी पाण्याची टाकी, शोषखड्डा, कचऱ्याचे वर्गीकरण व वाहने उभी करण्याची जागा यांची तरतूद मूळ खर्चातच धरावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावू नये, हा नियम पाहुण्यांना दाखल होतानाच सांगावा. शेजारी दुखावले गेले की तक्रारी पंचायतीत जातात, आणि व्यवसायाबरोबरच पिढ्यान्‌पिढ्यांचा सलोखाही धोक्यात येतो.

आरंभ लहान असावा

ज्या कुटुंबाचे घर आधीच आहे, कागदपत्रे निर्वेध आहेत आणि घरात दुसरे उत्पन्न आहे, त्याने एक खोली नीटनेटकी करून एक हंगाम अनुभव घ्यावा. भरलेल्या रात्री व प्रत्येक खर्च एका वहीत लिहून ठेवावा. वर्षाअखेर ती वही समोर घेऊनच दुसऱ्या खोलीचा किंवा कर्जाचा निर्णय करावा. राहते घर गहाण ठेवण्यापूर्वी तर हा हिशेब घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावा; कारण हंगाम बुडाला तर तो पुढील वर्षी पुन्हा येतो, पण बुडालेले घर परत येत नाही.