अडई तळ्यावरच बरी, बदक पाळू या दारी

पावसाळ्यात संध्याकाळ झाली की आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवरून शीळ घालत एक थवा बांधीकडे जातो. तपकिरी अंग, पोटाला लालसर झाक आणि उडताना बारीक, दोन सुरांची शीळ. ही आपली अडई. इंग्रजीत हिचं नावच शीळ घालणारं बदक असं आहे. गटाच्या बैठकीत हल्ली कुणी ना कुणी विचारतं, "ताई, दिसायला एवढी छान आहे, तर ही घरी पाळून, पिल्लं काढून विकता येतील का? शोभेच्या पक्ष्यांना म्हणे चांगला भाव मिळतो." त्यासाठी गटातून कर्ज मिळेल का, असंही विचारतात.

आधी सरळ उत्तर देते. अडई पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्यानं तिला संरक्षण आहे. तिला पकडणं, विकणं, विकत घेणं, सगळंच गुन्हा आहे. घरट्यातली अंडी उचलणंसुद्धा या कायद्यात शिकारच समजतात. म्हणजे अंडी आणून कोंबडीखाली ठेवली, पक्ष्याला काही इजा केली नाही, तरी गुन्हा होतोच. त्यात दंड आहे आणि कैदही. कुणी विक्रेता म्हणेल, "ही परदेशी आहे, हिला चालतं." पण मोठी अडईसुद्धा आपल्या देशातलीच आहे आणि तिलाही हाच कायदा लागू आहे. अशा खरेदीला गटाचं कर्ज देऊ नका. पक्षी जप्त झाले तर हप्ता मात्र दहाही जणींच्या माथी बसतो.

कायदा बाजूला ठेवला तरी अडईचा स्वभाव अंगणात रमण्याचा नाही. ती रात्री चरते. झाडाच्या ढोलीत, दुसऱ्या पक्ष्याच्या जुन्या घरट्यात किंवा तळ्याकाठच्या गवतात अंडी घालते. नर आणि मादी दोघंही आळीपाळीनं अंडी उबवतात. तळ्याकाठी पिल्लू एकटं दिसलं तर लगेच उचलू नका, आईबाप बहुधा जवळच असतात. पक्षी जखमी असेल तर वनरक्षकाला सांगा किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

मग पाळायचं काय? पाळीव बदक. त्याला कायद्याची आडकाठी नाही, ते दारात रमतं आणि अंडीही देतं. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही जात चांगली. १९०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी ती तयार केली. त्यासाठी त्यांनी इंडियन रनर नावाचं भरपूर अंडी देणारं बदक वापरलं होतं. उत्तम व्यवस्थेत खाकी कॅम्पबेल वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. घरच्या चरण्यावर तेवढी मिळतील असं धरू नका. हिशेबाला २०० च धरा.

सुरुवात सात पक्ष्यांनी करा: सहा माद्या आणि एक नर. नराच्या शेपटीवर वर वळलेली कुरळी पिसं असतात आणि त्याचा आवाज घोगरा असतो. मोठ्यानं क्वॅक-क्वॅक करते ती मादी. साधारण पाचव्या महिन्यात अंडी सुरू होतात. बदक बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या आत घालतं. म्हणून नऊपर्यंत खुराड्याचं दार उघडू नका, नाहीतर अंडी तळ्यात आणि गवतात जातील. मुंगूस आणि रानमांजर येतात, म्हणून खुराड्याला जाळी घट्ट हवी. तळाशी धानाचं तणस किंवा तूस टाका आणि ओलं झालं की बदला.

पोहायला तळं असलंच पाहिजे असं नाही. पण पिण्याचं भांडं पाच-सहा इंच खोल हवं. चोच आणि डोळे पाण्यात बुडवता आले नाहीत तर डोळे चिकटतात, नाकपुड्या बुजतात. लहान पिल्लांना मात्र उथळ भांडं द्या, नाहीतर ती भिजतात आणि गारठून मरतात. पहिले तीन-चार आठवडे त्यांना बल्बची किंवा शेगडीची ऊब लागते.

खाण्यात कोंडा, कणी, गोगलगायी, किडे, तण सगळं चालतं. नुसतं बांधून ठेवलं तर एका बदकाला दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास खाद्य लागतं. चरायला सोडलं तर खर्च बराच कमी होतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची ढेप बदकाला कधीही घालू नका. त्या बुरशीचं विष कोंबडीपेक्षा बदकाला फार लवकर बाधतं आणि यकृत निकामी होऊन अख्खा कळप जाऊ शकतो.

पिल्लं काढायची असतील तर खाकी कॅम्पबेलवर अवलंबून राहू नका, ती सहसा रवणीला बसत नाही. खुडूक गावठी कोंबडीखाली आठ-दहा अंडी ठेवा. अंडी आठवड्याच्या आतली, स्वच्छ आणि नर-मादी एकत्र असलेल्या कळपातली हवीत. बदकाची मादी अंगाला ओल घेऊन अंड्यांवर येऊन बसते. कोंबडीचं अंग कोरडं, म्हणून मधूनमधून अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडं धरून पाहा. शिरा दिसल्या नाहीत तर ते अंडं काढून टाका. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, बदकाची २८ दिवसांत. तोवर कोंबडी उठून जाऊ नये म्हणून तिचं दाणापाणी जवळच ठेवा. मस्कोव्ही बदक असेल तर ३५ दिवस धरा.

आता अडईची गोष्ट पुन्हा इथे येते. जंगली पाणपक्षी आणि आपली बदकं एका पाण्यात मिसळू देऊ नका. बर्ड फ्लू असाही पसरू शकतो, आणि बदक वरून ठणठणीत दिसत असतानाही आजार वाहून नेऊ शकतं. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ आली, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून आपल्या बदकांना घरामागच्या डबक्यात किंवा बांधीत चरू द्या, अडयांचा थवा उतरतो त्या तलावावर नेऊ नका. प्लेगची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात देतात. पशुसखीला सांगून दवाखान्यात आधीच नोंद करा. एकदम दोन-चार पक्षी मेले तर हात न लावता दवाखान्यात कळवा, आणि मेलेले पक्षी तळ्यात टाकू नका.

कर्जाचा अर्ज लिहिण्याआधी आठवडी बाजारात जाऊन विचारा, बदकाचं अंडं कोण घेतं आणि किती रुपयांना. सहा माद्यांची २०० प्रमाणे वर्षाला १२०० अंडी. त्यातली घरच्या लेकरांची अंडी बाजूला काढा, उरलेल्यांना भावानं गुणा, मग पिल्लं, खाद्य, जाळी आणि लसीचा खर्च वजा करा. हा कागद अर्जाला जोडून आणा, बैठकीत आपण तो सगळ्या जणींसमोर वाचू.