चरबी आधी की वण आधी?

मागच्या वेळी आपण अन्वय-व्यतिरेक पाहिला. एक असताना दुसरे असते आणि पहिले काढले की दुसरेही जाते, तर पहिल्याला कारण म्हणायचे. आज हीच कसोटी आपण आतड्याला लावू. तत्त्वज्ञानवाल्यांनी आतड्यात कशाला शिरायचे, असे कुणी म्हणेलही! पण कार्यकारणाचा इतका गुंतलेला नमुना सहज हाती लागत नाही.

क्रोन्स नावाचा आजार आहे. 1932 साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या डॉक्टरांनी तो नीट वर्णिला. आतड्याची सूज वर्षानुवर्षे राहते. ती भरून काढताना पेशी टीजीएफ-बीटा या रेणूच्या इशाऱ्यावर कोलॅजेन घालत सुटतात. भिंत टणक होते, वाट अरुंद होते, अन्न अडते आणि शेवटी तेवढा तुकडा कापावा लागतो. सूज उतरवणारी औषधे आहेत. आतड्यातला वण विरघळवणारे मान्यताप्राप्त औषध नाही.

पोट उघडल्यावर रोगट भाग सर्जनला कळतो तो बऱ्याचदा चरबीवरून. आतड्याला मागून धरून ठेवणारा मेसेंटरी नावाचा पडदा असतो. त्यातली चरबी पुढे सरकत येऊन दुखऱ्या भागाला मिठी मारते. म्हणजे अन्वय मिळाला.

पण ती येते कशाला? 2020 साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांना या चरबीत आतड्यातून निसटलेला एक जिवाणू सापडला, क्लॉस्ट्रिडियम इनोक्युअम. चरबी गळती बुजवायला येते, असे त्यांचे म्हणणे. मग ती राखणदार झाली. आता गंमत पाहा. हीच चरबी लांब साखळीची मेदाम्ले सोडते. शेजारच्या स्नायूपेशी ती घेतात, सीपीटी-1 नावाच्या दारातून मायटोकॉन्ड्रियात नेऊन जाळतात आणि वाढत जातात. भिंत आणखी जाड होते. प्रयोगशाळेत ते दार बंद केले, तर ही वाढ कमी होते. उलट बाजूने, चेतवलेल्या स्नायूपेशी फायब्रोनेक्टिन सोडतात आणि चरबीच्या बालपेशी त्याच्या रोखाने सरकतात.

आपले नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणून खोडायला जातील. आम्हाला वाटते, घाई नको. तो दोष युक्तिवादातला. इथे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीनंतर येते, तेव्हा बीजांकुराचा दाखला जास्त जुळतो.

राहिला व्यतिरेक. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या सर्जननी आतड्याबरोबर मेसेंटरीही काढली. 2018 च्या त्यांच्या अहवालात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण 40 टक्क्यांवरून 3 टक्क्यांच्या आसपास आले. मात्र तुलना जुन्या रुग्णांशी होती. नेदरलँड्स आणि इटलीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून चाचणी झाली. 2024 च्या तिच्या निकालात सहा महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिले, तर दोन्ही गटांत रोग सारखाच परतलेला. मग चरबी निर्दोष ठरली का? सहा महिन्यांत दुर्बिणीला दिसते ती आतल्या अस्तरावरची सूज आणि जखमा. भिंतीतला वण धरायला वर्षे लागतात.