वैमानिक का चुकतो? कॉर्कच्या धुक्यातला धडा

आपण बेटावरची माणसे. मुलगा परदेशी शिकायला निघाला, लेक सासरहून माहेरपणाला आली, घरातले कोणी पंढरपूर-तुळजापूरच्या दर्शनाला निघाले, तर विमानावाचून गत्यंतर नाही. आपल्या पूर्वजांनी कोकणचा किनारा सोडला तेव्हा जहाजात आठवडेच्या आठवडे काढले. आपण आज एका झोपेत मुंबई गाठतो. प्लेझान्सच्या विमानतळावर निरोप देताना घरची वडीलधारी माणसे हात जोडतात. त्या क्षणी आपण आपले माणूस दोन अनोळखी वैमानिकांच्या हाती सोपवीत असतो. ते कितीही शिकलेले असले तरी माणसेच. आणि माणूस म्हटला की चूक आलीच.

मग ही चूक होते कशी, आणि ती टाळता येते का? ह्या प्रश्नाचे फार चांगले उत्तर आयर्लंडमधल्या एका अपघाताच्या चौकशीतून मिळते. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दिवस १० फेब्रुवारी २०११. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून दक्षिणेकडच्या कॉर्क शहराला एक छोटे विमान निघाले. फेअरचाइल्ड मेट्रो जातीचे, दोन पंखे असलेले. आत १० प्रवासी आणि २ वैमानिक. कॉर्कचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० फूट उंचीच्या टेकडीवर आहे. खाली किनाऱ्याला ऊन आणि वर क्यूरपीपला धुके, हा अनुभव आपल्यालाही आहे. त्या सकाळी कॉर्कची टेकडी अशीच धुक्यात बुडाली होती.

धुक्यात उतरण्याचा एक साधा नियम असतो. उपकरणांच्या आधाराने खाली यायचे, ते एका ठरावीक उंचीपर्यंत. तिला निर्णयाची उंची म्हणतात. कॉर्कला ती जमिनीपासून २०० फूट होती. तिथपर्यंत येऊन धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचे. नाही दिसले तर इंजिनांना पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचे. ‘आणखी थोडे खाली जाऊन पाहू’ असे म्हणायला तिथे जागाच नाही.

ह्या विमानाने पहिला प्रयत्न केला. ते २०० फुटांच्याही खाली, सुमारे १०० फुटांपर्यंत आले आणि वर गेले. धावपट्टीच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा प्रयत्न झाला, त्यातही तेच घडले. मग काही वेळ आकाशात घिरट्या घातल्या, दुसऱ्या विमानतळांच्या हवामानाची चौकशी केली, आणि तिसऱ्यांदा विमान खाली निघाले. ह्याही वेळी ते २०० फुटांवर थांबले नाही. विमान चालवीत होता सहवैमानिक, पण इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे कॅप्टनने हाती घेतले होते. ते दांडे हवेत असताना जिथे कधीही नेऊ नयेत तितके मागे ओढले गेले. दोन्ही इंजिनांचा जोर सारखा नव्हता. विमान डावीकडे कलंडले. त्याच वेळी वर जाण्यासाठी जोर दिला गेला आणि विमान झपाट्याने उजवीकडे वळले. उजव्या पंखाचे टोक धावपट्टीला लागले आणि विमान उलटे होऊन चिखलात रुतले. दोन्ही वैमानिक आणि ४ प्रवासी मृत्यू पावले. ६ जण वाचले.

वैमानिकांनी नियम मोडला, चूक त्यांची, असे म्हणून वही मिटता आली असती. दोघेही उत्तर द्यायला उरले नव्हते. पण आयर्लंडच्या हवाई अपघात तपास विभागाने तसे केले नाही. अशा चौकशीचा हेतू कोणाला दोषी ठरवणे हा नसतो, तर तसा अपघात पुन्हा होऊ नये हा असतो. तीन वर्षांनी, जानेवारी २०१४ मध्ये, अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला आणि थेंबे थेंबे तळे कसे साचले ते जगाला दिसले.

कॅप्टनला ते पद मिळून एक आठवडाही झाला नव्हता, आणि त्या पदासाठी त्याला मिळालेले शिक्षण अपुरे होते. त्याच्या जोडीला दिलेला सहवैमानिकही कमी अनुभवाचा होता. नवा आणि नवा अशी जोडी लावायला नको होती. दोघांनाही पुरेशी विश्रांती मिळालेली नव्हती. ते थकलेले होते. उजव्या इंजिनाच्या एका संवेदकात बिघाड होता, म्हणून ते इंजिन डाव्यापेक्षा थोडा अधिक जोर देत होते. तिकिटे विकणारी मँक्स-टू ही कंपनी आइल ऑफ मॅनची, उड्डाणाचा परवाना स्पेनमधल्या फ्लाइटलाइन कंपनीचा, आणि विमान व वैमानिक पुरवणारे तिसरेच. विमान उडत होते आयर्लंड-इंग्लंडच्या बाजूला आणि देखरेख करायची होती स्पेनने. ह्या व्यवस्थेत त्या दोघांची झोप पुरी झाली आहे का, हे पाहणारा कोणीच नव्हता.

म्हणजे शेवटची चूक वैमानिकांच्या हातून झाली. पण तिची वाट आधी अनेकांनी मोकळी करून ठेवली होती. आम्हाला ह्या अहवालातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

आता दुसरा प्रश्न. नियम ठाऊक असताना माणूस तो का मोडतो? कारण उत्तर आधीच ठरलेले असते आणि डोळे त्याला पुरावा शोधीत असतात. मुक्काम जवळ आला की परत फिरणे जड जाते. ७ जुलै १९६२ रोजी, ऐन पावसाळ्याच्या रात्री, मुंबईला उतरू पाहणारे अलिटालिया कंपनीचे विमान आपल्या शिवनेरीच्या जुन्नर परिसरातल्या डोंगरावर आदळले आणि ९४ माणसे गेली. आपण मुंबईच्या अधिक जवळ आहोत अशा समजुतीने विमान वेळेआधीच खाली आणले गेले होते.

आणि शेजारी बसलेल्याला चूक दिसली तर? २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानातल्या इंजिनिअरला शंका आली होती की समोरचे विमान अजून बाजूला झालेले नसावे. त्याने ती बोलूनही दाखवली. पण कॅप्टन ज्येष्ठ आणि नामांकित. त्याने ठामपणे उत्तर दिले आणि इंजिनिअर गप्प बसला.

ह्या आणि अशा अपघातांनंतर विमानविद्येने आपली रीत बदलली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने ह्या विषयावर तज्ज्ञांची बैठक भरवली आणि त्यानंतर वैमानिकांना एकमेकांशी बोलायला शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत सांगायची, ज्येष्ठाने ती ऐकून घ्यायची. दोघांपैकी कोणीही ‘वर चला’ म्हटले की वाद न घालता वर जायचे, चर्चा नंतर. पाठ असलेले कामही यादी वाचूनच करायचे. कामाच्या तासांना मर्यादा घालायची. आणि हातून चूक झाली तर ती लपवावी लागू नये म्हणून प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला शिक्षेची भीती ठेवायची नाही. कॉर्कच्या अहवालानेही सुचवले की हवामानामुळे उतरता येत नसेल तर एका विमानतळावर पुन्हा पुन्हा किती प्रयत्न करावेत ह्याविषयी मार्गदर्शन असावे.

आपल्या घरांत मोठ्यांना उलट बोलू नये असे शिकवले जाते. हा संस्कार चांगला आहे आणि तो सोडावा असे आम्ही म्हणणार नाही. पण लग्नाहून रात्री उशिरा परतताना मोटार चालवणाऱ्या काकांचे डोळे मिटत असतील, तर मागे बसलेल्या पुतण्याने ‘काका, जरा थांबूया’ म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. आणि काकांनी ते ऐकणे ह्यात कमीपणा नाही.

वाचकहो, प्रवासी म्हणून आपल्यालाही एक काम आहे. धुके किंवा वादळ पाहून कधी आपले विमान मागे फिरेल, दुसऱ्याच विमानतळावर उतरेल, कधी वैमानिकाचे कामाचे तास संपले म्हणून सुटणारच नाही. आपण चिडतो, खिडकीवरच्या मुलीला बोलतो. विमानतळावर ताटकळत बसणे कोणालाच आवडत नाही. पण त्या वेळी कोणीतरी निर्णयाच्या उंचीवर थांबून योग्य ते केलेले असते. कॉर्कच्या प्रवाशांना हा उशीर मिळाला असता तर त्यांनीही कुरकुर केली असती, आणि संध्याकाळी सगळे घरी जेवायला बसले असते.