संशोधन मराठीत, मांडणी इंग्रजीत

औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारचा विद्यार्थी हळदीच्या कंदकुजीवर काम करतो, तेव्हा त्याची सगळी माहिती मराठीतच जमते. बेणं कुठलं, पाणी किती दिलं, उतारा किती घटला, हे शेतकरी आपल्या बोलीत सांगतो. निबंध मात्र इंग्रजीत लिहायचा आणि परिषदेत दहा-पंधरा मिनिटांत इंग्रजीतच मांडायचा. मग बांधावर तासभर बोलणारा हाच मुलगा पडद्याकडे तोंड करून स्लाइडवरचा मजकूर वाचत सुटतो.

ही वाट मराठी माणसांनी फार पूर्वीच चोखाळली आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातिसंस्थेवर निबंध वाचला. श्रोत्यांना जात ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. म्हणून सुरुवात झाली ती त्यांच्या ओळखीच्या गोष्टीपासून, वस्तूंच्या प्रदर्शनापासून. पुढे सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. मग जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचं मूळ, हा आपला मुद्दा ठेवला आणि अखेरीस सगळ्याचं सार मोजक्या मुद्द्यांत सांगितलं. पुढच्याच वर्षी हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. भाषेवर त्यांची हुकमत होतीच. पण परक्या श्रोत्याला हात धरून नेलं ते या बांधणीनं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची कसोटी वेगळी होती. घरी मराठी, बनारसच्या शाळेत हिंदी आणि १९६१ च्या फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत इंग्रजी! रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी आकाशातल्या रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून, विश्वाला आरंभ नाही असं मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांतावर हल्ला चढवला होता. त्याला या सिद्धांताचे एक जनक फ्रेड हॉइल यांच्या बाजूनं उत्तर द्यायला उभा राहिला तो बावीस वर्षांचा हा संशोधक विद्यार्थी. तिथे आकडेमोड पक्की असणं उच्चारांपेक्षा महत्त्वाचं होतं.

आजच्या विद्यार्थ्याची खरी फजिती होते ती प्रश्नोत्तरांत. भाषण पाठ करता येतं, समोरून येणारा प्रश्न पाठ करता येत नाही. वेगवेगळ्या देशांतले उच्चार कानावर पडतात आणि प्रश्नच निसटतो. अशा वेळी तो पुन्हा विचारायला सांगावा किंवा आपल्या शब्दांत उच्चारून खात्री करून घ्यावी. यात कमीपणा नाही. एका स्लाइडवर एकच मुद्दा, छोटी वाक्यं आणि घड्याळ लावून केलेली तालीम, एवढ्यानं निम्मी भीती सरते. सुरुवातीची आणि शेवटची दोन-तीन वाक्यं तेवढी तोंडपाठ असावीत.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत भित्तिपत्रकासमोर उभं राहून परीक्षकांच्या प्रश्नांना तोंडी उत्तरं द्यावी लागतात. खेड्यातल्या विद्यार्थ्याला ही चांगली रंगीत तालीम आहे. आणि इंग्रजी परकी असलेला तो एकटाच नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याला ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. या शास्त्रात जपानी, इटालियन, जर्मन संशोधकही दुसऱ्या भाषेतच बोलतात.

औंढा परिसरातल्या महाविद्यालयांनी म्हणूनच एक करावं. परिषदेला निघालेल्या विद्यार्थ्याला आधी वर्गासमोर मराठीत विषय सांगू द्यावा, मग इंग्रजीत, आणि दोन्ही वेळा प्राध्यापकांनी अवघड प्रश्न विचारावेत. याला अनुदान लागत नाही, एक दुपार लागते.