पाणी पाजलं, पण घर?

रमजान आला की मशिदीतल्या बयानात आणि घरातल्या दादीच्या तोंडी एक गोष्ट हमखास येते. एक वाटसरू उन्हातून चाललेला असतो. तहानेनं जीव कासावीस होतो. वाटेत विहीर लागते. तो खाली उतरतो, पोटभर पाणी पिऊन वर येतो, तर काठावर एक कुत्रा धापा टाकत ओली माती चाटत असतो. वाटसरूला आपली मघाची तहान आठवते. तो पुन्हा विहिरीत उतरतो, पायातला चामडी मोजा पाण्यानं भरतो, दातांत धरून वर येतो आणि कुत्र्याला पाजतो. एवढ्या एका कामावर अल्लाह त्याचे गुनाह माफ करतो. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही प्रमुख संग्रहांत ही गोष्ट आहे. अशाच दुसऱ्या एका हदीसमध्ये पाणी पाजणारी व्यक्ती लोकांनी बदचलन ठरवलेली बाई आहे. तिलाही माफी मिळते.

गोष्ट तिथं संपते. वाटसरू आपल्या वाटेनं जातो. कुत्र्याचं पुढं काय झालं, हे कुणी विचारत नाही. आजच्या शहरांत मात्र प्रश्न तिथूनच सुरू होतो. गाडीखाली सापडलेला, खरजेनं केस झडलेला किंवा मालकानं सोडून दिलेला कुत्रा कुणीतरी रहमदिल माणूस उचलतो आणि प्राण्यांच्या शेल्टरमध्ये पोहोचवतो. तिथं त्याला पाणी मिळतं, औषध मिळतं, वेळेवर खायलाही मिळतं. पाणी पाजायला पाच मिनिटं लागतात, जखम भरायला महिना लागतो. कुत्र्याचं आयुष्य असतं दहा-बारा वर्षांचं. ती वर्षं त्यानं कुठं काढायची?

कोण येतं, कोण उरतं

शेल्टरमध्ये सगळी रस्त्यावरचीच कुत्री असतात, हा गैरसमज आहे. लॅब्रॅडॉर, पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड, इतकंच काय, बर्फाळ मुलखातला हस्कीसुद्धा तिथं दिसतो. बदली झाली, घरमालक नको म्हणाला, घरात बाळ आलं, पिल्लू वाटलं त्यापेक्षा मोठं झालं, कुत्रा म्हातारा होऊन आजारी पडला. कारणं साधारण हीच असतात. काही जण सांगून आणून देतात. काही जण पहाटे फाटकाला दोरी बांधून निघून जातात.

हा गुन्हा आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. उपासमारीनं किंवा तहानेनं हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणं, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं दंडनीय ठरवलं आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात लिहिलेला दंड आहे १० ते ५० रुपये. कायदा झाला तेव्हा ती रक्कम जाणवत असेल. आज तेवढ्यात बिस्किटांचे दोन-चार पुडे येतात.

आलेल्यांपैकी पिल्लांना घर लवकर मिळतं. नावाजलेल्या जातीचा कुत्रा असेल तर विचारणा होत राहते. मागे उरतो तो वयात आलेला गावठी कुत्रा. त्यातही काळ्या रंगाचा, तीन पायांचा, एका डोळ्यानं अधू किंवा माणूस दिसताच कोपऱ्यात जाऊन बसणारा. घर शोधायला आलेलं कुटुंब पिंजऱ्यासमोर दोन-चार मिनिटं थांबतं. जो पुढं येऊन शेपूट हलवतो तो आवडतो, कोपऱ्यातला 'माणूसघाणा' ठरतो. दिवसभर शेजारी दहा-वीस कुत्री भुंकताहेत, रोज नवा वास, नवा माणूस, अशा ठिकाणी भेदरलेला कुत्रा घरात कसा वागेल हे त्या चार मिनिटांत कळत नाही. तो तसाच मागं राहतो आणि जितका जास्त राहतो तितका अधिक बुजतो. निवारा हा जीव वाचवण्यासाठी असतो. तिथं वर्षानुवर्षं राहणं ही त्या जिवाची नवी शिक्षा होते.

शेपूट वाकडंच?

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, अशी म्हण आहे. मार खाल्लेला, उपाशी ठेवलेला कुत्रा पुन्हा माणसावर भरवसा ठेवणार नाही, हा समज त्याच वळणाचा. अमेरिकेतल्या एका खटल्यानं या समजाला मोठा धक्का दिला.

एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया राज्यात मायकल विक या नामांकित अमेरिकन फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर छापा पडला. तिथं कुत्र्यांच्या झुंजी लावण्याचा धंदा चालत होता. पन्नासच्या आसपास पिट बुल कुत्री हाती लागली. विकला २३ महिन्यांची कैद झाली. कुत्र्यांचं काय करायचं, यावर वाद पेटला. ही कुत्री घरात ठेवण्यालायक नाहीत, त्यांना मारून टाकावं, असं खुद्द काही मोठ्या प्राणीप्रेमी संघटनांचंही मत होतं. न्यायालयानं वेगळा रस्ता धरला. सरसकट निकाल न लावता प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी झाली. रिबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेवर त्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी सोपवली गेली. देखभालीसाठी विककडून सव्वानऊ लाख डॉलरहून अधिक रक्कम वसूल करण्याचा आदेश झाला.

त्यांतली २२ कुत्री यूटा राज्यातल्या 'बेस्ट फ्रेंड्स' या संस्थेच्या आश्रयस्थानात गेली, बाकीची इतर संस्थांकडे. त्या २२ पैकी दोघांनी जन्मभर तिथंच राहावं, असा न्यायालयाचा आदेश होता. इतर अनेकांना घरी जाण्याआधी चांगल्या वागणुकीची परीक्षा द्यावी लागली. काहींना त्यासाठी वर्षं लागली, पण घरं मिळाली. काही लहान मुलं असलेल्या घरांत राहिली. लिओ नावाचा कुत्रा पुढं कर्करोगाच्या रुग्णांना सोबत करायला जाऊ लागला. या सगळ्यांतला शेवटचा, फ्रोडो, डिसेंबर २०२१ मध्ये म्हातारा होऊन आपल्या माणसांत वारला. छापा पडला तेव्हा तो जेमतेम पिल्लू होता.

या गोष्टीतून 'प्रेमानं सगळं होतं' एवढाच अर्थ काढला तर चूक होईल. तिथं प्रेमाबरोबर तपासणी होती, शिकवण होती, वेळ होता, आणि दोन कुत्री घरी द्यायची नाहीत हे सांगण्याचा प्रामाणिकपणाही होता.

घर मिळतं कसं

कायमचं घर शोधणं म्हणजे कुत्रा खपवणं नव्हे. तो एका परीनं रिश्ता जमवण्यासारखा प्रकार आहे. दोन्हीकडची खरी माहिती लागते.

आधी तब्येत. जंतांचं औषध, गोचीड निर्मूलन, रेबीजची लस, डिस्टेंपर आणि पार्वो या आजारांवरची लस, निर्बीजीकरण. या सगळ्याच्या नोंदी असलेलं कार्ड कुत्र्याबरोबर जायला हवं. मग स्वभाव. मांजर चालतं का, लहान मुलं चालतात का, खाताना कुणी जवळ आलेलं खपतं का, फटाक्यांना घाबरतो का. जे आहे ते सांगायचं. लपवून दिलेला कुत्रा महिन्याभरात परत येतो आणि परत आलेल्याला दुसरं घर मिळणं आणखी कठीण होतं.

फोटोही महत्त्वाचा. गजाआडचा, दिव्यांच्या उजेडात डोळे चमकणारा फोटो पाहून कुणी येत नाही. तोच कुत्रा अंघोळ घालून, अंगणात, एखाद्या ओळखीच्या माणसाशेजारी बसलेला दिसला की लोक थांबून बघतात. त्याहून उपयोगी ठरतं ते काही आठवडे एखाद्या कुटुंबानं तात्पुरतं सांभाळणं. कोपऱ्यात बसणारा कुत्रा घरातल्या शांततेत आठ दिवसांत वेगळाच निघतो, आणि मग त्याच्याविषयी खात्रीनं काही सांगता येतं.

पलीकडच्या बाजूलाही प्रश्न विचारावे लागतात. घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती आहे का? घरातल्या सगळ्यांना कुत्रा हवा आहे, की एकट्या मुलाचा हट्ट आहे? मुलगा शिकायला पुण्या-मुंबईला गेल्यावर फिरवणार कोण? लग्नकार्याला गावी जाताना कुठं ठेवणार? चांगली संस्था घर पाहून येते, लेखी हमी घेते, नंतर फोन करत राहते आणि एक अट घालते: जमलं नाही तर कुत्रा रस्त्यावर सोडायचा नाही, परत आणून द्यायचा. पाळीव प्राणी ठेवायला सोसायटीनं सरसकट बंदी घालता येत नाही, ठराव बहुमतानं झाला तरीही नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळानं आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. तरीही स्वच्छता, पट्टा आणि शेजाऱ्यांची झोप या गोष्टी पाळणाऱ्याच्याच जबाबदारीच्या.

घरी आल्यावर कुत्र्याला वेळ द्यावा लागतो. पाळणाऱ्यांत तीनाचा हिशेब सांगितला जातो. पहिले तीन दिवस तो भेदरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांनी हे आपलं घर आहे असं त्याला वाटू लागतं. हिशेब ढोबळ आहे, पण 'दोन दिवस झाले, नीट जेवत नाही' म्हणून परत करायला निघालेल्यांनी तो लक्षात ठेवावा.

मुस्लिम घरातला प्रश्न

या महिन्यात एक प्रश्न साहजिकच पुढं येतो. मुस्लिम घरात कुत्रा चालतो का? उत्तर एका शब्दाचं नाही. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे. कोकणातले बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफई मताचे आहेत, त्यात नियम अधिक कडक आहे. कुत्र्यानं तोंड लावलेलं भांडं सात वेळा, त्यात एकदा मातीनं, धुवावं लागतं. मालिकी मतात मात्र कुत्रा मुळात पाक मानला जातो. शौक म्हणून कुत्रा पाळण्याला हदीसमध्ये नापसंती आहे. शिकार, गुरं-मेंढरं आणि शेतीच्या राखणीसाठी स्पष्ट मुभा आहे. घराच्या राखणीलाही अनेक उलमा त्याच रांगेत धरतात. आणि कुरआनातल्या सूरह कहफमध्ये गुहेत आसरा घेतलेल्या तरुणांसोबत त्यांचा कुत्रा आहे, पुढचे पाय पसरून उंबरठ्यावर बसलेला.

म्हणजे दिवाणखान्यात जमत नसेल तर शेतावर, बागेत, वखारीच्या आवारात जागा होऊ शकते. फक्त ते घर असायला हवं. चोवीस तास आखूड साखळीला बांधलेला राखणदार हा पिंजरा बदललेला कैदीच. सावली, पाणी, लस, फिरणं आणि ओळखीचा एक आवाज एवढं तरी हवं.

कुत्र्याविषयीचा दुजाभाव एकाच समाजाचा नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाचा कुत्रा भक्तांच्या ओळखीचा आहे, युधिष्ठिर कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला तयार नव्हता, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर घराघरांत माहीत आहेत. गोष्टींत मान सगळ्यांकडे आहे. गल्लीतला दगडही सगळ्यांकडे आहे.

पुढचा भार

२२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांविषयीच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की इच्छुकांनी पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यावा, मात्र तो पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर तिथंच परत न सोडता निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईबापांची भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण आत येणाऱ्यांची संख्या वाढणार आणि बाहेर नेणारं कुणी नसणार, तर निवारा कोंडवाडा व्हायला वेळ लागणार नाही. प्रत्येक कुत्र्याला मिळालेलं एक घर म्हणजे आत एका जखमी जिवाला मिळालेली जागा.

ज्यांना पाळणं शक्य नाही त्यांनाही काम आहे. जकातीचे हकदार ठरलेले आहेत आणि ती माणसं आहेत. पण सदका मुक्या जिवासाठी देता येतो. एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या महिन्याच्या औषधाचा खर्च उचलता येतो, गाडीनं त्याला डॉक्टरकडे नेता येतं, चांगला फोटो काढून देता येतो. इफ्तारनंतर उरलेली बिर्याणी मात्र तशीच नेऊ नये. शिजलेली हाडं तुकडे होऊन आतड्यात रुततात आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. साधा भात आणि उकडलेली अंडी चालतात.

आणि पाळण्याचा विचार असेल तर एखाद्या रविवारी शेल्टरमध्ये जाऊन तिथल्या माणसाला विचारावं, सगळ्यांत जास्त दिवस इथं कोण आहे? त्या पिंजऱ्याशी जाऊन पाठ करून शांत बसावं. हाका मारू नयेत, हात आत घालू नये. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पहिल्या रविवारी तो कोपऱ्यातच राहील कदाचित. मग दुसऱ्या रविवारी पुन्हा जावं.