वाळूतला भाजीमळा आणि बायांचा पैरा

दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन शहराबाहेर केप फ्लॅट्स नावाचा सपाट, वाळूचा पट्टा आहे. वर्णभेदाच्या राजवटीत काळ्या लोकांना शहराच्या चांगल्या भागांतून हुसकून तेथे लोटण्यात आले. पूर्वेकडील खेड्यांतून पोटासाठी आलेल्या खोसा बायाही तेथेच झोपड्या बांधून राहिल्या. शेजारीण अनोळखी, मारामाऱ्यांचे भय, आणि भाजी विकत घ्यावी तर पैसा नाही.

1982 साली कॅथलिक वेल्फेअर अँड डेव्हलपमेंट या आपल्या चर्चच्या सेवासंस्थेने तेथे ‘अबालिमी बेझेखाया’ हे काम सुरू केले. खोसा भाषेत याचा अर्थ ‘घरचे शेतकरी’. न्यांगा व खायेलित्शा या वस्त्यांत रोपवाटिका निघाल्या. रोपे, बी व शेणखत स्वस्तात मिळू लागले. शाळांच्या आवारात, पडीक सरकारी जागेत बायांनी मिळून वाफे केले. वाळूत पाणी ठरत नाही, आणि उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा रोपे झोडपून काढतो. म्हणून त्यांनी कंपोस्ट भरपूर घातले, गवताचे आच्छादन केले, वाऱ्याच्या बाजूला झाडे लावली. कोबी, गाजर, कांदा, पालक निघू लागला. 2008 पासून शहरातील कुटुंबांना दर आठवड्याला भाजीच्या पेट्याही विकल्या जाऊ लागल्या.

पैसा फार सुटला असे नाही. नुसता जमाखर्च पाहणाऱ्यांना तर हा खटाटोप व्यर्थच वाटला. परंतु रेचल स्लेटर या संशोधिकेने 2001 साली दुसरी बाजू मांडली: मळ्यामुळे बायांच्या ओळखी झाल्या, अडीनडीला हाक मारण्यास माणूस मिळाले, परक्या जागी पाय रोवल्यासारखे वाटले.

खोसा लोकांत ‘इलिमा’ म्हणून मिळून शेत करण्याची जुनी चाल आहे. म्हणजे आपला पैराच! आपल्याकडे तो पुष्कळ ठिकाणी मोडला, याचे आम्हांस वाईट वाटते.

बेळगावसारख्या शहरात राहावयास आलेल्या आपल्या भगिनींनी चार-पाच घरे मिळून असा मळा करून पाहावा. जागामालकाची परवानगी आधी कागदावर घ्यावी. पाणी घालण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. बाळंतिणीची व आजारी बाईची पाळी इतरजणींनी वाटून घ्यावी. विक्रीची वही आणि पैसे बायांकडेच असावेत. पुरुषमंडळींनी खणून द्यावे, हिशेब मागू नये. (काही घरांत कुरकुर होईल, हे आम्ही जाणतो.) मे महिन्यात उंचवट्यावर कंपोस्टचा ढीग रचून वर पेंढ्याचे छप्पर केले, तर पावसाळा सरता खत हाती येते, आणि नाताळाला मुळा, मेथी व लाल माठ घरचा मिळतो.